गिरणीवाली मावशी चिखलात उतरली

कोणतीही वस्तू समोर आली की मावशी ती आधी चिमटीत धरून बघायची. पीठ तर बघायचीच, पण नव्या सुनेच्या साडीचा पदर, दुकानातला साबण, शाळेच्या भिंतीचा ओला गिलावा, सगळं अंगठा आणि बोटात चोळून, डोळे बारीक करून ती निकाल द्यायची, "भरड हाय अजून." माणसं चिमटीत मावत नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं ऐकून घ्यायची आणि निकाल तोच द्यायची. आमदारकीच्या उमेदवाराचं भाषण भरड, नवरदेवाची मिशी भरड, आणि माझी लग्नातली अनाउन्समेंट तर कायमची भरड.

माझं मंडप आणि स्पीकरचं दुकान दिंद्रुडच्या बाजारात, तिच्या गिरणीसमोर. माझ्याकडं चार भोंगे आहेत. ते चारही एकदम लावले तरी गिरणीत बसलेल्या मावशीच्या आवाजापुढं ते मांजराच्या पिलासारखे वाटायचे. गिरणी धडधडत असताना ती पलीकडच्या गल्लीतल्या बाईला तिचं दळण झाल्याचं सांगायची, आणि ती बाई तिथून उत्तर देण्याऐवजी धावत यायची. शरीरानंही तशीच भरदार. ती मागच्या बाकावर बसली की रिक्षाचं पुढचं चाक जमिनीला टेकत नसे. ड्रायव्हर म्हणायचा, आज हँडल लई हलकं लागतंय. हे मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. आमच्या धंद्यात आवाज वाढवूनच द्यावा लागतो.

अशी बाई चिखलातून पळाली, हे मात्र मी एका कणानंही वाढवलेलं नाही.

झालं असं. आमच्याकडं दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. आईबाप फडावर गेले की पोरी मागं राहायच्या कुठं? शाळेतल्या मास्तरांनी आणि माजलगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी मिळून त्यांच्यासाठी वसतिगृह काढलेलं, पण त्याला ना भिंत ना दार. पोरी शाळेच्या ओसरीवर सतरंज्या टाकून झोपायच्या. त्यांचं दळण मावशी फुकट दळून द्यायची आणि दळताना पुटपुटायची. तिचं सगळं लहानपण फडावरच्या झोपडीत, कोपीत गेलेलं, उसाच्या पाचटावर झोपून. शाळेचं तोंड तिनं बाहेरून बघितलेलं. ओसरीला दार नाही म्हणून त्या साली दोन बाप येऊन आपापल्या पोरी परत फडावर घेऊन गेले. त्या दिवशी मावशीनं गिरणी बंद ठेवली. गिरणी बंद असली की आमच्या गल्लीत कान दुखतात.

डॉक्टरीणबाईंनी तोड काढली. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळातून आणि रानांमधून लोकांनी गंमत म्हणून पळायचं, आणि त्यातून जमणाऱ्या वर्गणीवर पोरींसाठी खोल्या बांधायच्या. शहरात लोक पैसे देऊन चिखलात पळतात हे ऐकून गावानं आठवडाभर दुसरा विषयच काढला नाही. पण खोल्या बांधायला जागा हवी होती, आणि शाळेला लागून असलेली मोकळी जागा अण्णांची. अण्णा म्हणजे आमच्याकडचे मोठे बागायतदार. धरणाकाठची निम्मी रानं त्यांची, आणि पांढऱ्या कपड्यांची घडी अशी की माशीसुद्धा विचारून बसावी.

सभा माझ्याच मंडपात होती. डॉक्टरीणबाईंनी जागा मागितली. अण्णा हसले आणि माईक ओढून घेत म्हणाले, "ताई, चिखलात पळणार कोण? आमच्या बाया? अर्ध्यातून घरी येतील त्या. गावच्या बारा बाया या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, ऊन डोक्यावर यायच्या आत पोचल्या, आन् एकबी माघारी फिरली न्हाई, तर जागा दिली. बोला."

हे सगळं ते माझ्या माईकमधून बोलले. माझा माईक चालू असला की धारूरच्या घाटात ऐकू जातं. आता शब्द मागं घ्यायचा तर घाटापर्यंत जाऊन घ्यावा लागला असता.

बायांच्या घोळक्यातून मावशी उठली. तिला माईकची गरज नव्हती.

"अण्णा, बारांत मी धरून का?"

मंडप हसला. अण्णाही हसले. "तुमी असला तर मग अकराच बाया आन् तुमी. बारा कावून म्हणायच्या?"

"म्हणा बारा. पहिलं नाव माझं."

तिथून पुढं गिरणीचा कायदा बदलला. दळण होईपर्यंत बाकावर बसून गप्पा मारायच्या, हा आमच्याकडच्या बायांचा जन्मसिद्ध हक्क. मावशीनं बाक आत उचलून ठेवला. ज्वारी जात्यात पडली की बाईनं गिरणीभोवती पळायला लागायचं, पीठ डब्यात पडलं की थांबायचं. सगळ्यांत पुढं ती स्वतः पळायची. पळायची म्हणजे काय, जमीन तिच्याखालून सरकायची. माझ्या दुकानातल्या खुर्च्यांची थप्पी तेवढ्या वेळात दोनदा कोसळायची.

"मावशे, दोन शेरच ज्वारी आणली गं," एखादी धापा टाकत म्हणायची.

"मग बारीक दळते. पळ."

महिनाभरात गल्लीत अशा भाकरी होऊ लागल्या की तोंडात घालायच्या आधीच विरघळाव्यात. बाया सडपातळ झाल्या, नवरे पोसले गेले. मावशी मात्र होती तेवढीच राहिली. मी एकदा हळूच म्हटलं, "मावशी, तुमी काठावर उभ्या राहून हुकूम सोडा. बारावी दुसरी कुणी बघू."

तिनं माझ्याकडं पीठ बघावं तसं बघितलं. "माझ्या नावानं हसलेत लोक. दुसरीला कशी पाठवू? आन् मी फडावरनं आलेली हाय रे बाबा. चिखलाची राड मला वळखती."

दौडीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. शहरातली मंडळी रंगीबेरंगी बूट घालून आलेली, जागच्या जागी उड्या मारत होती. आमच्या बाया काष्टा मारून, अनवाणी. मी टेम्पोवर भोंगे बांधून काठाच्या रस्त्यानं निघालो, दौड तिथून सगळी दिसायची.

धरणातला गाळ तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. दिसायला लोणी, वागायला सावकार. आधीच्या वर्षी त्यात एक म्हैस रुतली, तर मालक महिनाभर तिथंच जाऊन धार काढत होता. बरं, एक दिवस. पण धार तिथंच काढली. पहिल्या शंभर पावलांत शहरातल्या मंडळींचे बूट गाळानं काढून घेतले, आणि माणसं वाकून आपापले बूट शोधत बसली. आमच्या बाया चवड्यावर भार न देता टाच टेकवत पुढं निघाल्या. मी भोंग्यातून असं काही वर्णन केलं की धुकं लाजून विरलं.

शेवटच्या टप्प्यात खुणेचे झेंडे सरळ अण्णांच्या रानातून गेलेले. पलीकडं लगेच शेवटची दोरी, तिथं अण्णा खुर्ची टाकून बसलेले. रान तुडवायची परवानगी त्यांनी स्वतःच दिली होती. आणि नेमक्या त्या रानाच्या बांधावर पुढच्या बाया थांबल्या.

रानात हरभरा उगवला होता. नुकता, दोन-तीन बोटं वर आलेला, ओळीनं, दव धरून.

बायांना कुणी थांबा म्हणालं नव्हतं. पायच उचलेनात. मागून शहरातली मंडळी येऊन आदळली, बांधावर जत्रा भरली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या टेम्पोवर चढून माईक घेतला. "परवानगी आहे. जा, पुढं जा. ऊन चढतंय."

सगळ्यात मागून मावशी आली. फडक्यासारखी पिळून निघालेली, घामानं आणि गाळानं. हरभऱ्याकडं बघितलं, पलीकडच्या दोरीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं.

"मावशे, काय करायचं?" पुढची एक म्हणाली. "अण्णानं जा म्हणलंय."

"अण्णानं म्हणलंय. हरभऱ्यानं म्हणलंय का?"

एका बाजूला काटेरी कुंपण होतं. दुसऱ्या बाजूला पाण्यालगतची दलदल, बेशरमीच्या झुडपांनी भरलेली, जिच्यातून गुरंसुद्धा जात नाहीत. मावशी दलदलीकडं वळली. तिच्या मागं अकरा जणी. आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यांच्या मागं ती रंगीत कपड्यांची सगळी फौज वळली. एकानंही हरभऱ्यात पाय टाकला नाही. पलीकडं अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिलेले मी बघितले.

अकरा जणी कंबरभर राडीतून झुडपं धरत काठाला लागल्या. मावशी काठापासून हाताच्या अंतरावर रुतली. मांड्यांपर्यंत. हलली की आणखी खाली जायची.

बाया तिला ओढायला परत उतरायला लागल्या, तशी ती ओरडली, "माघारी फिरू नगा. एकबी माघारी फिरली न्हाई पायजे. जागा जाईल."

बाया जागच्या जागी रडायला लागल्या. ऊन डोक्यावर यायला थोडकंच राहिलं होतं.

मग अण्णा चालत आले. चपला काढल्या, धोतर खोचलं आणि त्या घडीच्या कपड्यांसकट सरळ राडीत उतरले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी मावशीचा हात धरून झटका दिला. मावशी सुटली. तिच्या जागी अण्णा रुतले.

मावशीनं मागं बघितलं नाही, माघारी फिरलीही नाही. तोंड दोरीकडंच ठेवून तिनं अण्णांचं मनगट धरलं आणि पुढं ओढ घेतली. पोत्यासारखे ओढले गेले अण्णा. दोरी ओलांडताना अकरा बाया पुढं, त्यांच्या मागं मावशी, आणि मावशीच्या मागं गाळानं काळे झालेले, एका डोळ्यानं बघणारे अण्णा. शर्यतीत नाव नसलेला तो एकच गडी शेवटपर्यंत आला.

"माझा हरभरा राखला म्हणून देत न्हाई," तोंडातला गाळ थुंकत अण्णा म्हणाले. "शब्द दिलता म्हणून देतो."

"कशापायी बी द्या," मावशी जमिनीवर बसत म्हणाली. "पण दार रस्त्याच्या बाजूनं ठेवा. आन् कडी आतून."

त्या दिवशी मी भोंग्यातून तिचं नाव इतक्यांदा घेतलं की शेवटी मशीन तापून बंद पडलं. ते तापलेलं मशीन मला अजून मेडलसारखं वाटतं.

खोल्या झाल्या. दार रस्त्याकडं, कडी आतून. परत फडावर नेलेल्या दोन्ही पोरी पुढच्या साली त्याच दारातून आत आल्या, तेव्हा मावशी पिठाचा डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती. त्यानंतर दोन दौडी तिनं केल्या, दोन्ही वेळा शेवटून पहिली. यंदा पावसाळ्यात ती गेली. साधा ताप, म्हणत होते. गल्लीत कान दुखायचे थांबायला फार दिवस लागले.

दौड यंदाही झाली. मी टेम्पोवर होतोच. धरणाचं पाणी उशिरा ओसरल्यानं अण्णांच्या रानात पेरणीच झाली नव्हती. काळंभोर मोकळं रान, हिरवा ठिपका नाही. डॉक्टरीणबाईंनी झेंडे पुन्हा त्याच्यामधून लावलेले, सरळ दोरीपर्यंत.

पहिली पोरगी बांधावर आली. वसतिगृहातलीच होती. थांबली नाही, काही विचारलं नाही. दलदलीकडं वळली. तिच्या मागं दुसरी, मग गावच्या बाया, मग शहरातून पहिल्यांदाच आलेली मंडळी, का वळायचं ते ठाऊक नसलेली. सगळी रांग बेशरमीच्या झुडपांतून, कंबरभर राडीतून, त्या रिकाम्या रानाला वळसा घालून गेली.

रानात एकाचंही पाऊल उमटलं नाही.