संघ तिथेच राहतो

अमेरिकेहून आलेल्या आमच्या बड्या साहेबानं जेवताना सांगितलं की, त्याच्या गावचा छोटा बेसबॉल संघ यंदा जिंकला. मी म्हणालो, "अभिनंदन. म्हणजे पुढच्या वर्षी तुमच्या गावचा संघ वरच्या लीगमध्ये." बेसबॉलमध्ये असं काही नसतं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या ऑफिसात मी नऊ वर्षं सपोर्ट टीम सांभाळत होतो. मी शिकवून तयार केलेले तिघं एकेक करून अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसात गेले होते आणि मी इतका शिणलो होतो की, एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसायला मिळालं की उतरावंसंच वाटत नसे. साहेब या खेपेला एकाला नेणार होता. तो एक मीच असायला हवा होतो.

साहेब बेसबॉलवेडा आहे असं कळलं, म्हणून आठवडाभर गाडीत कागद घेऊन अभ्यास केला. बड्या लीग दोन, एक जुनी, एक तिच्यामागून आलेली. आधी एकमेकींचे खेळाडू पळवायच्या. मग तह झाला आणि हंगामाअखेर दोघींचे विजेते भिडू लागले. तेव्हा एकीत गोलंदाजालाही बॅट धरावी लागे, दुसरीत त्याच्याऐवजी दुसराच कोणी येऊन मारून जाई. शहाणी लीग. खाली लहान गावांच्या संघांची उतरंड. ते पान मात्र बिशान स्टेशनच्या आसपास डुलकी लागल्यानं राहिलं. जिंकलेला संघ वर चढत असेल, असं मी फुटबॉलवरून ठरवून टाकलं.

हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, साहेबानं चमचा खाली ठेवला आणि शांतपणे समजावलं. वरचा संघ खेळाडूला बोलावतो. खेळाडू जातो, संघ तिथेच राहतो आणि नवी पोरं घेऊन पुन्हा सुरुवात करतो.

"त्यांना शिकवतं कोण?" मी विचारलं.

"जुने प्रशिक्षक. चांगली माणसं असतात. वर्षानुवर्षं तिथेच."

मी हसलो. माझा चिकन राइस गार झाला होता.

दुपारी मुलाखत झाली. मला का न्यावं, असं साहेबानं विचारलं. मी सवयीनं सुरू झालो: टीमनं हे केलं, टीमनं ते निस्तरलं, टीम कधी रजेवरसुद्धा गेली नाही. साहेब मान हलवत राहिला.

शुक्रवारी निकाल आला. दोन वर्षांपूर्वी आलेली, मीच शिकवलेली मुलगी निवडली गेली. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तसं तिनं साहेबाला सांगूनही टाकलं होतं. तिच्या निरोपाच्या कार्डावर पहिली सही माझी घेतली, ज्येष्ठ म्हणून.

घरी चहा घेताना बायकोला सगळं सांगितलं. ते एक पान वाचलं असतं तर, असंही म्हणालो. तिनं मुलाखतीत काय काय बोललास ते विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला.

"बेसबॉलचं राहू दे," ती म्हणाली. "टीम टीम करत होतास ना? मग बस आता टीमबरोबर."