मोटेचं पाणी

ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगरटीचं नाही, मोटेच्या पाण्यावरचंही नाही. सासूबाईंचं हे व्रत त्या भादव्यात पुरं व्हायचं होतं, उद्यापन ठरलं होतं. त्यासाठी मळ्यात विहिरीजवळ कुदळीनं खणलेला एक वाफा राखला होता. भेंडी, दोडका, माठ. त्याला पोहऱ्यानं पाणी शेंदून घालणं माझ्याकडं. निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. मी नवी सून होते.

श्रावणात पावसानं ताण दिला. दोरानं हातांना फोड आले. एका दुपारी मोट चालू होती, पाट भरून वाहत होता. मी पायानं पाटाचा बांध फोडला, वाफा भरू दिला, बांध पुन्हा लिंपला. कुणी पाहिलं नाही.

पंचमीला पूजा उरकून पानावर बसताना सासूबाईंनी विचारलं, "बैल न्हाई ना लागला कुठं?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्या जेवल्या. आलेल्या बायकांना म्हणाल्या, "समदं माझ्या सुनेच्या हातचं हाय. तुमच्या निस्त्या मिरवायच्या कामाच्या!"

मी त्यांच्या पानात भाजी वाढली. काही दिवसांनी दोघी जात्यावर बसलो असताना सांगून टाकलं. जातं थांबलं नाही. पायली संपल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या साली पुन्हा."

"मी धरते उपास, आत्याबाई."

"तुझ्या उपाशी राहण्यानं माझं फिटतं व्हय?"

"मग पाणी तरी शेंदते."

"न्हाई. वाफ्याला हात लावायचा न्हाई."

पुढच्या वर्षी वाकल्या कंबरेनं त्यांनीच खणलं, त्यांनीच शेंदलं. मधेच दम लागला की विहिरीच्या काठाला टेकायच्या. मी पुढं झाले की नुसतं बघायच्या. मी मागं सरायची. वाटेनं जाणाऱ्या बाया थांबायच्या.

"काय वो, म्हातारी पाणी शेंदून राहिली अन् सून काहून उभी? मेंदी लावली का हाताला?"

"मला हौस हाय," सासूबाई म्हणायच्या. "तुमाला काय तकलीफ?"

व्रत त्यांनी पुरं केलं. गावात शेवटपर्यंत म्हातारीची हौस म्हणूनच सांगत राहिले. घरातही तेच. हसायचे, मीही हसायची. त्या गेल्यावर तेराव्याला पुन्हा ती गोष्ट निघाली, तेव्हाही मी पंगतीत वाढत राहिले.

हौस नव्हती ती. बांध मी फोडला होता.