ओळंब्याने काढलेला मध्य

आमच्या ह्यांना सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. फाटक असो, जिना असो, गाडीचा कॅरियर असो, हे दोन पावलं मागे जायचे, एक डोळा मिटायचे, पुढे येऊन बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हा मध्य." मागाहून कुणी टेप लावली तर केसाइतकाही फरक निघायचा नाही. शेजारच्या दुकानातला, ट्रकच्या स्प्रिंगा बसवणारा स्प्रिंगवाला ह्यांच्याशी पैज लावून लावून थकला. शेवटी तोच गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "टेप कशाला काढताय, ओळंब्याला विचारा की."

मी शिवणकाम करते. दुकान एकच, पुढच्या अर्ध्यात माझं मशीन, मागच्या अर्ध्यात ह्यांचं लोखंडाचं, वेल्डिंगचं काम. नव्या कापडावर काळे ठिपके उडाले की मी ओरडायची. हे म्हणायचे, "नक्षी समज." एकतीस वर्षं असंच चाललं. भांडणं भरपूर झाली, पण एका गोष्टीवर कधीच नाही, ती म्हणजे मध्य. मला मध्य काढायचा तर कापडाची घडी घालावी लागते. ह्यांना नाही. त्याचा तोरा काय सांगू तुम्हाला! मी टेप हातात घेतली की हे दुसरीकडे तोंड करून हसायचे.

चार महिन्यांपूर्वी सकाळी चहा पिता पिता ह्यांच्या हातातून कप सुटला. मेंदूत गुठळी. तीन आठवडे दवाखान्यात काढले. पाय चालायला लागला, जीभ वळायला लागली, शिव्या तर पहिल्याच आठवड्यात परत आल्या. नर्सला पहिली शिवी घातली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी त्या बिचारीची माफी मागायचीसुद्धा विसरले.

घरी आल्यावर एकेक कळायला लागलं. दाढी करून आले, तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्यावर पांढरं रान. "हे काय, अर्धी दाढी ठेवून कुठे निघालात?" मी हसले. हे आरशात बघून म्हणाले, "झाली की." मला वाटलं, चेष्टा करतायत. मग जेवताना ताटातला उजवा अर्धा चाटूनपुसून संपवला, डावा अर्धा तसाच, आणि वर मलाच ऐकवलं, "आजारी माणसाला पोटभर वाढत जा गं." मी ताट फिरवून ठेवलं. डावं उजवीकडे आलं. तेव्हा म्हणतात, "आता कसं!"

डॉक्टर म्हणाला, "डोळ्यांना काही झालेलं नाही. त्यांचा मेंदू डावीकडची दखल घेत नाही. त्यांच्या लेखी डावी बाजू नाहीच. आणि काही चुकतंय हे त्यांना कळणारही नाही. हळूहळू सुधारेल कदाचित. डावीकडे बघा, अशी आठवण करून देत राहा." आठवण करून द्या म्हणे! एकतीस वर्षांत ह्या माणसाला छत्री न्यायची आठवण करून दिलेली चालली नाही, तिथे अर्ध्या जगाची आठवण कुठल्या तोंडाने करून देऊ?

मुलगी फोनवर रोज एकच धोशा लावायची. "आई, बाबांना वेल्डिंगच्या मशीनजवळ जाऊ देऊ नकोस. स्प्रिंगवाल्या काकांना जागा हवीच आहे. देऊन टाक." ती दूर राहते, तिला भीती वाटते, तिचं चूक नाही. पण ह्यांना घरी बसवायचं म्हणजे काय? भिंतीकडे बघत बसणारा माणूस नव्हे हा. त्यातली अर्धीच भिंत दिसणार, ते वेगळंच. शेवटी मी मुलीशी ठरवलं, एक काम करू देते. साधं, छोटं. ते नीट उतरलं तर दुकान चालू ठेवायचं. नाही उतरलं तर मी स्वतः ह्यांना सांगून किल्ली स्प्रिंगवाल्याला देईन. ह्यांना मात्र मी यातलं काहीच सांगितलं नाही.

आणि काम आलं ते दातांच्या डॉक्टरणीचं. आमच्या दुकानासमोरच तिचा दवाखाना. दिवसभर लोकांच्या दाढा उपटते आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली पडलेली असते. तिने जुन्या गाडीचं पार रूप पालटलं होतं. गाडी बसकी केली, इंजिन बदललं, पुढचा बंपर काढून मोठ्या जबड्याचा लावला, म्हणजे आत हवा जावी म्हणून. बॉनेटवरचं कंपनीचं चिन्हही काढून सपाट करून टाकलं. सगळं झालं आणि मग बाईंच्या लक्षात आलं, पुढची नंबरप्लेट लावायला जागाच नाही! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. तिने प्लास्टिकच्या पट्ट्यांनी ती जबड्यात बांधली, ती रस्त्यात पडली, आणि मग तपासणीवाल्यांनी गाडी अडवली. सोमवारी गाडी दाखवायची, नंबरप्लेट मधोमध, घट्ट आणि लांबून वाचता येईल अशी हवी.

"काका, बंपरला भोक पाडायचं नाही हं," ती म्हणाली. "केवढ्या मिनतवारीने मिळवलाय."

"मग काय डोक्यावर धरून उभी राहणारेस?" हे म्हणाले. मला आनंदाने गहिवरून आलं. हाच माझा नवरा!

गाडी बंद पडली की ओढून न्यायला बंपरमध्ये एक भोक असतं, त्यात हूक पिळतात. ते भोक उजवीकडे होतं, म्हणून ह्यांना लगेच दिसलं. त्यातूनच दांडा बाहेर काढायचा, त्याला आडवी पट्टी जोडायची आणि पट्टीच्या टोकाला नंबरप्लेटची चौकट लावायची, असं ठरलं. डॉक्टरीण म्हणाली, "मी बोल्ट लावून बघितला काका, बसतच नाही. आटे खराब झालेत वाटतं."

ह्यांनी नुसतं बोट आत घातलं. "खराब नाहीत, उलटे आहेत. डावीकडे पिळायचा. ओढताना सुटू नये म्हणून. दात पण असेच उपटतेस का गं, न बघता?" ती खळाळून हसली. मी मशीनवर मान खाली घालून बसले होते, टाका कुठे चाललाय दिसेना झालं. म्हटलं, सगळं शाबूत आहे. उगाच घाबरलो आपण.

मग हे दोन पावलं मागे गेले. एक डोळा मिटला. पुढे आले आणि खडूने बंपरवर रेघ मारली. "हा मध्य."

ती रेघ मध्यावर नव्हती. मला लांबूनही दिसलं. डॉक्टरीण गाडी ठेवून समोर दवाखान्यात गेली होती. हे साचा कापायला पुठ्ठा शोधायला आत गेले, तशी मी वर्तमानपत्राची लांब पट्टी चिकटवून चिकटवून बंपरच्या मापाची केली आणि मधोमध दुमडली. घडी जिथे पडली तिथून ह्यांची रेघ चांगली वीतभर उजवीकडे. तीनदा घातली घडी. घडी काय खोटं बोलणार? मग मी पदराने खडू पुसला आणि घडीच्या जागी तश्शीच रेघ मारली.

हे आले, बघितलं, थांबले. "कुणी हलवली?"

"काय?"

"खूण. ही मी केलेली नाही."

आता बघा, डावीकडचं काही दिसत नाही म्हणतात, पण चूक तेवढी दिसली. म्हणजे ह्यांच्या लेखी चूक. मी खरं सांगितलं. पट्टी हातात दिली. "घडी घालून बघा हवं तर. आणि अहो, जरा डावीकडे बघा ना, अजून केवढा बंपर आहे तिकडे."

ह्यांनी पट्टी धरली, थोडा वेळ न्याहाळली आणि माझ्या हातात परत दिली. "पट्टीच चुकीची कापलीयेस." रागावून नाही, समजुतीने म्हणाले, नवशिक्याला सांगावं तसं. मी टेप पुढे केली तेव्हा मात्र चिडले. "टेप लावून मध्य काढायचा असेल तर तू कर मग! मी बसतो तुझ्या मशीनवर झगे शिवत!" आणि माझी रेघ पुसून पुन्हा तिथेच, वीतभर उजवीकडे. काय करणार होते मी? हात धरून लढणार होते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

तीन दिवस काम चाललं आणि तीन दिवस मी ह्यांच्या डाव्या बाजूला पहारेकऱ्यासारखी उभी. वेल्डिंगला बसताना हातमोजा घातला तो फक्त उजव्या हातात. डावा मोजा मी चढवला. "लाड पुरे," म्हणाले. पहिल्या दिवशी मी मशीनवरून उठून यायच्या आतच डाव्या मनगटावर रुपयाएवढा चटका बसलेला होता. "अहो, भाजलंय की!" "कुठे?" हात वर करून उजवा दाखवला मला. रडू आलं, आणि रागही आला, आणि कुणावर काढावा तेच कळेना. गिऱ्हाइकाच्या कापडावर काढला, एक बाही उलटी लावली.

पण काम सांगते तुम्हाला, सुरेख. जोड असा की नखाला लागू नये. नंबरप्लेट थोडी वर-खाली कलवता यावी म्हणून लांबट भोकं पाडली, थरथरू नये म्हणून मध्ये रबर घातलं. ते कुणी सांगितलं नव्हतं, ह्यांना आपणच सुचलं. चौकटीची उजवी कड कानशीने घासून काचेसारखी केली. डावी कड तशीच करवतीच्या दात्यांची. हे चहा प्यायला बसले तेव्हा मी गुपचूप कानस घेऊन ती घासली. कापडाला दुमड घालते तशी लोखंडालाही घातली, म्हटलं, एवढं तरी माझ्या हातात आहे. पट्टीची लांबी मात्र माझ्या हातात नव्हती. ती ह्यांच्या रेघेपर्यंत पोचेल एवढीच कापली गेली होती.

शनिवारी डॉक्टरीण आली. ह्यांनी स्वतः दांडा पिळला, उलट्या आट्यांत, अगदी हळुवार. प्लेट लावली. हलवून दाखवली, जरासुद्धा हलली नाही. मग दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला आणि असे काही हसले की दवाखान्यातून आल्यापासून मी तसं हसू बघितलं नव्हतं.

"आहे की नाही मधोमध?"

प्लेट वीतभर उजवीकडे लटकत होती. आंधळ्यालाही दिसली असती. डॉक्टरणीने प्लेटकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. म्हणजे सांग, असं. तिने काय समजून घेतलं देव जाणे.

"एकदम मधोमध, काका," ती म्हणाली. "अशीच हवी होती."

मी तिला रस्त्यावर गाठलं. "अगं, काय केलंस हे! सोमवारी पास होणार आहे का ही?"

"मी दुसरीकडून पट्टी लांब करून घेईन, मावशी. बाकी काम अप्रतिम आहे. त्यांना नका सांगू."

"पेशंटचा दात किडला असेल तर त्याला सांगतेस ना तू? की छान आहे म्हणून घरी पाठवतेस?"

"सांगते मावशी," ती म्हणाली. " पण किडलेल्या दाताचं मला काहीतरी करता येतं." आणि तिचेच डोळे भरून आले. जा म्हटलं. ती गेली, ती वाकडी प्लेट घेऊन.

मी आत येऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. समोर म्हणजे जरा उजवीकडे. मनाशी वाक्य जुळवून आले होते. "अहो, प्लेट मध्ये नव्हती," मी म्हटलं. "वीतभर चुकली होती. ती पोरगी तुमचं मन राखायला बोलली."

हे इतक्या प्रेमाने हसले! "तुला कधी दिसलाय का गं मध्य? तुला घडी घालावी लागते." माझ्या खांद्यावर थाप मारली. "चल. मी पडल्यापासून अडलेल्या त्या फाटकवाल्याला निरोप धाड, म्हणावं माप घ्यायला येतो. घरी बसून बसून गंज चढला होता नुसता. आणि तुझी लेक म्हणे दुकान देऊन टाका! तिला सांग आजचं." म्हणजे माझं फोनवरचं बोलणं ऐकून ह्यांना सगळं ठाऊक होतं. अट, परीक्षा, सगळं. तीन दिवस हे परीक्षाच देत होते, आणि ह्यांच्या हिशेबी पास झाले होते.

मी काही बोलायच्या आत ह्यांनी उरलेली पट्टी बाकावर ठेवली आणि ग्राइंडर चालू केला. उजव्या हातात ग्राइंडर, अगदी ठाम. डावा हात पट्टीवर पसरलेला, उघडा, चाकाच्या वाटेवर. तो हात आपला आहे हे ह्यांच्या गावीही नव्हतं. मी ओरडले, तो आवाज ग्राइंडरच्या आवाजात बुडाला. धावत ह्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

ग्राइंडर घरघरत थांबला. माझ्या मशीनवरचा दिवा गेला, पंखा गेला.

"वीज गेली वाटतं," हे म्हणाले. "अगं, ऐकलंस का? कुठे गेलीस?"

मी हातभर अंतरावर होते. ह्यांच्या डाव्या खांद्याशी. "इथेच आहे," मी म्हटलं.

हे उजवीकडे वळले. दाराकडे बघितलं, माझ्या शिलाई मशीनकडे, रिकाम्या स्टुलाकडे. आणखी उजवीकडे वळले. मी पुन्हा म्हटलं, "अहो, इथे." हे स्टुलाकडेच बघत राहिले, आणि माझी वाट बघून दमल्यावर बाकावर टेकले.

"बरं," त्या स्टुलाला म्हणाले, "वीज आली की सांग. तोवर बसतो."

"सांगते," मी म्हटलं, आणि खटका तसाच खाली ठेवून मुलीला फोन करायला बाहेर गेले.