साचेखात्यातून आलेले सर

"बसा, बसा," असं म्हणतच ते वर्गात शिरायचे. उजवा हात किंचित पुढे करून, कार्याला आलेल्या पाहुण्यांना बसवावं तसं. आता शिक्षकांनी मुलांना बसा म्हणावं, यात नवल ते काय? पण त्यांच्या वर्गात कुणी उठलेलंच नसायचं. निम्मी मुलं पाठमोरी, दोघंतिघं खिडकीत चढलेली, मुलींचं काहीतरी वेगळंच चाललेलं, आणि सर आपले सगळ्यांना अगत्यानं बसवताहेत. पहिल्या दिवशी शेजारच्या वर्गात शिकवता शिकवता मी हे पाहिलं, तेव्हा मला हसू आलं होतं.

नागरवाड्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत ते आले, तेव्हा पन्नाशीला टेकले होते. नवा शिक्षक म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे एखादा पोरगेला चेहरा येतो. हे नवे शिक्षक निम्मे पांढरे झालेले. सगळी उमेदीची वर्षं त्यांनी कापडाच्या मिलमध्ये काढली होती. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, ते सुपरवायझर होते. तो काळच असा होता, की एकीकडे बडोद्यातल्या मिलचे भोंगे बंद होत होते आणि दुसरीकडे कारेलीबागेत इंग्रजी शाळांच्या पाट्या लागत होत्या. त्यांची मिल बंद पडली. वडिलांनी तरुणपणी हट्टानं करायला लावलेलं बी.एड. इतक्या वर्षांनी उपयोगी आलं, आणि आठवीच्या गणितासाठी आमच्याकडे त्यांना हंगामी घेतलं.

आठवीचा तो वर्ग साधा नव्हता. मुलं घरी मराठी बोलत, पण मस्ती करायची ती गुजरातीत. सरांनी फळ्याकडे तोंड केलं की तोंडं मिटून गुणगुणणं सुरू. कुठून येतंय ते भल्याभल्यांना कळलं नसतं. सर वळायचे आणि हमखास चुकीच्या मुलाकडे पाहायचे. तो बिचारा खरंच गणित करत असायचा. मग सगळा वर्ग हसायचा, आणि काय झालं हे न कळून सरही थोडं हसायचे.

आम्ही सगळ्यांनी त्यांना सल्ले दिले. पी.टी.च्या सरांनी आपली वेताची छडीच दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुसून परत केली. म्हणाले, "मिलमध्ये हात उगारला की खातंच बंद पडायचं. सवय नाही हो."

"मग कसं करणार?" मी विचारलं.

"होईल, बाई. नवा माग लावला की पहिल्यांदा धागा तुटतोच."

हे वाक्य मी त्या वर्षात किती वेळा ऐकलं असेल. धागा रोज तुटायचा, आणि सर रोज तेच म्हणायचे.

स्टाफरूममध्ये ते नेहमी डावीकडे भिंत येईल अशा खुर्चीत बसत आणि फार मोठ्यानं बोलत. शेव-उसळ तिखट आहे, एवढंच सांगायचं असलं तरी मैदानापर्यंत ऐकू जायचं. मिलची सवय, असं आम्ही म्हणायचो. खरं काय ते मला एका दुपारी कळलं.

माझा तास चालू होता. सर माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरलेला, बोटांना खडू तसाच.

"बाई, काहीतरी बोला."

"काय झालं, सर? बरं वाटत नाही का?"

"आलं," ते म्हणाले. "ऐकू आलं." आणि तिथेच पायरीवर बसले.

झालं होतं ते असं. आठवीच्या मुलांनी ठरवून नुसते ओठ हलवायला सुरुवात केली होती, आवाज न काढता. प्रश्न विचारला तर उत्तर तसंच. बाकावर हात आपटले तेही हवेत. सर आधी गोंधळले, मग त्यांना घाम फुटला. मागांच्या आवाजानं त्यांचा डावा कान कधीच गेला होता आणि उजवा निम्मा. उरलेलाही त्या क्षणी गेला असं त्यांना वाटलं. पायरीवर बसून त्यांनी मला हे सांगितलं, तेही हळू आवाजात. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पलीकडून वर्गाच्या हसण्याचा लोट येत होता.

कानाचं यंत्र घ्या, मोठ्या सरांना सांगून टाका, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. यंत्र दिसलं की मुलांना आयतंच मिळेल, आणि बहिऱ्या हंगामी माणसाला शाळा ठेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी एक गोष्ट केली. मुलांना म्हणाले, काल तुम्ही काय काय बोललात ते मी सांगतो. खिडकीजवळून कोणीतरी म्हणालं, 'सर बहेरा छे.' पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, 'भूक लागलीय.' वर्ग चिडीचूप झाला. मग सरांनी त्यांना सांगितलं, की साचेखात्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, तिथे सगळे ओठांवरून आणि हातांवरून बोलतात. धागा तुटला, चहा आला, साहेब येतोय, याच्या खुणा त्यांनी करून दाखवल्या. मी दाराशी जाऊन पाहिलं. सगळा वर्ग मुकाट्यानं हात हलवत होता आणि मधे उभे राहून सर हसत होते. वर्गात त्यांना मनापासून हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आठवडाभर चाललंही. मग मुलं त्याच खुणांनी सरांच्या पाठीमागे गप्पा मारायला लागली. 'साहेब येतोय'ची खूण तर मोठ्या सरांसाठी सगळ्या शाळेत पसरली.

पुढे सरांनी आपल्यापुरता एक उपाय काढला. मागे वळायचंच नाही. "वळलं की जास्त हसतात, बाई. फळा भरेपर्यंत लिहायचं, मग त्यांचं आपोआप निवतं." आणि खरंच, गोंगाट कितीही झाला तरी ते फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. आठवीतली एक मुलगी धावत माझ्या वर्गात आली. "बाई, चला ना, सर बघतच नाहीत," म्हणून रडायला लागली. मी धावले. एका मुलीला फिट आली होती. बाक सरकवून मुलांनी जागा केली होती, ती जमिनीवर होती, सगळी मुलं 'सर, सर' करून ओरडत होती. आणि सर फळ्यावर समीकरणाची पुढची पायरी लिहीत होते, सावकाश, वळणदार अक्षरात.

मी त्यांच्या दंडाला हात लावला. ते वळले. तो चेहरा मी विसरू शकत नाही, आणि कसा होता ते मला सांगताही येणार नाही. ते खाली बसले आणि तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. फिट थांबेपर्यंत ते तसेच बसून होते.

मुलगी बरी झाली, चार दिवसांनी शाळेतही आली. पण तिचे वडील मोठ्या सरांना भेटायला आले. रेल्वेतले होते, सभ्य माणूस. आवाज चढवला नाही त्यांनी. पोरं हाका मारत होती, यांनी मागे बघितलंसुद्धा नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मोठ्या सरांनी आमच्या सरांना बोलावून विचारलं. मीही तिथे होते. वर्गात नेहमीच गोंधळ असतो, तसाच वाटला, असं सर म्हणू शकले असते. ते खोटंही नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला असता.

"मला नीट ऐकू येत नाही," सर म्हणाले. "शाळेत येताना मी ते सांगितलं नाही. मुलांची काही चूक नाही."

त्याच दिवशी ते शाळा सोडून गेले. त्यांचा वर्ग पी.टी.ला मैदानावर होता, म्हणून मागच्या दारानं गेले. मुलांना कळलं दुसऱ्या दिवशी. नंतर आठवीला मी काही तास घेतले. वर्ग इतका शांत होता, की मलाच बोलवेना.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं, की सर हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. मी त्यांच्या घरी, बडोद्यातल्याच अकोट्याला, भेटायला गेले. त्यांच्या पत्नी आणि मुलगी होत्या. मी शाळेतली म्हटल्यावर वहिनींनी मला जवळ बसवून घेतलं.

मिल बंद पडल्यावर हे महिनोन्‌महिने कुणाशी बोलत नव्हते, त्या सांगत होत्या. शाळा मिळाली आणि पुन्हा बोलायला लागले. रोज जेवताना वर्गातलं सांगायचे. मी आत शिरलो की टाचणी पडली तरी ऐकू येते, म्हणायचे. "यांना कुठली ऐकू यायची टाचणी," वहिनी म्हणाल्या आणि जरा हसल्या. "कायमच्या बाई परत आल्या म्हणून सोडावं लागलं, असं म्हणाले. नाहीतर हे राहिलेच असते, नाही का?"

"हो," मी म्हटलं.

"फार कडक होते ना हो शाळेत? घरी कधी आवाज चढवला नाही, म्हणून विचारते."

मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"माझा वर्ग शेजारीच होता," मी म्हटलं. "फार कडक होते."

"बघ, मी म्हणत नव्हते?" वहिनी मुलीला म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "एवढ्या कडक माणसाच्या हातून सुटली पोरं. मुलांना बरंच वाटलं असेल."

मी नुसती मान हलवली. नाही म्हणून.