कंट्रोल कोणाकडे होता

विमानात बसलं की आमचे सर दोन्ही तळवे वर करून दाखवायचे, पोलिसांनी पकडलेल्या चोरासारखे. "बघ पोट्टे, माझे हात इकडं. आता विमान तुझं." परत घ्यायचं झालं तर आधी मोठ्यानं "माझं!" म्हणायचे, मगच हात लावायचे. न बोलता कंट्रोलला हात घालणाऱ्याची ते बिनपाण्यानं करायचे.

रायपूरबाहेरच्या आमच्या छोट्या धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची आणि उतरायचं, एवढं शिकण्यात माझे कित्येक महिने गेले. वारा कुठला विचारलं की सर भनपुरीच्या कारखान्यांच्या चिमण्यांकडे बोट करायचे. "तो धूर पाह्य. घाई काहून करून राहिली?" तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील, ओरडतात आणि डब्यातलं लोणचं आधी आपल्याला वाढतात. ब्राह्मणपाऱ्यात आमच्याकडे जेवायला येताना गल्लीच्या वळणावर, उतरण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात वैमानिक रेडिओवर सांगतो तसं, स्कूटरवरूनच ओरडायचे, "फायनल!" ते ऐकून आई तवा चढवायची.

बाबा रेल्वेत. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पोरगी एकटी कधी उडवते, सर?"

"हव, याच आठवड्यात," सर एकदाचे म्हणाले. आईनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

त्याच आठवड्यातली दुपार. आम्ही उतरत होतो. विमान जरा जास्तच खाली आलं होतं, म्हणून मी इंजिनाची ताकद वाढवत होते. तेवढ्यात सरांनी चकार शब्द न काढता कंट्रोल मागे ओढला. विमान उसळलं, आपटलं, पुढचं चाक वाकलं. आम्ही दोघं धडधाकट बाहेर आलो. मला वाटलं, आता सर स्वतःलाच शिव्या घालतील.

शाळेच्या प्रमुखांनी खोलीत बोलावून विचारलं, "कंट्रोल किसके पास था?"

मी शेजारीच उभी होते. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बच्ची के पास."

मी खरं काय ते सांगितलं. पण सरांच्या शब्दापुढे शिकाऊ पोरीचं कोण ऐकणार? माझं एकटीनं उडणं बेमुदत थांबलं.

बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "तुले परत शिकता येईन. मले ह्या वयात कोण ठेवीन?"

"मग मले आधी सांगायचं होतं, सर," मी म्हटलं. बापाच्या जागी मानलेल्या माणसानं मला विकलं होतं.

ते पुन्हा आमच्याकडे जेवायला आले नाहीत. थोड्याच दिवसांत नोकरीही सोडून गेले, म्हणजे जिच्यासाठी खोटं बोलले तीही टिकली नाही. आई अजून "बिचारा" म्हणते. मला ते ऐकवत नाही.

पुढे बंदी उठल्यावर नव्या सरांनी मला एकटीला सोडलं. शेजारच्या सीटचा पट्टा लोंबकळू नये म्हणून तो रिकाम्या सीटवर आवळून बांधला. मी फेरी मारली, वळले, आणि चाकं टेकली ती मलाही कळली नाहीत. बाहेर सगळे टाळ्या वाजवत होते. मी विमान थांबवलं आणि संतापानं रडत बसले. इतकं सुरेख उतरायला मला त्याच माणसानं शिकवलं होतं.