टोकापासून मुळाकडे

गिरगावातल्या चाळीतून मी कायमची निघाले, त्या सकाळी सामानाची यादी माझ्या सवयीप्रमाणे दोनदा तपासून झाली होती. यादीत शेवटच्या दोन वस्तू होत्या: खोबरेल तेलाची बाटली आणि आईची शिंगाची, बारीक दातांची फणी. समोरच्या खोलीतली सुनंदा दारात उभी होती. एकेकाळी ती माझी विद्यार्थिनी होती, आता बँकेत अधिकारी आहे. फणी पाहून ती म्हणाली, "बाई, तिकडे बर्मिंगहॅमला कुणाच्या वेण्या घालणार?"

"माझी नात आहे ना," मी म्हणाले.

सुनंदा हसली आणि बॅग उचलून जिना उतरू लागली. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे दोन वर्षांनी समजला.

तुमच्यापैकी ज्या माझ्या वर्गात होत्या, त्यांना सोमवारची तपासणी आठवत असेल. नखे, रुमाल, केस, या क्रमाने. कपाटात तेलाची बाटली आणि लाल रिबिनी ठेवलेल्या असत. जिचे केस विस्कटलेले, तिला टेबलाशी उभे करून मी सर्वांसमोर तेल लावत असे आणि दोन घट्ट वेण्या घालत असे. दुखण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून तिला पाढे म्हणायला लावत असे. माझी आई म्हणायची, "पोरीचे केस बघितले की तिचं घर कळतं." चौतीस वर्षे मी ते वाक्य वर्गात नियमासारखे वापरले आणि त्यालाच माया समजले.

माझी सून ग्रेस ही बर्मिंगहॅममधल्या कृष्णवर्णीय कुटुंबातली. तिचे आईवडील घानाहून तेथे आले. नात इरा सहा वर्षांची. तिचे केस तिच्या आईचे आहेत: प्रत्येक केस पेनातल्या स्प्रिंगसारखा घट्ट वेटोळे घेत वाढतो, ओढला तर खांद्यापर्यंत येतो आणि सोडला की कानापाशी परततो. डोक्यावरचा नैसर्गिक तेलकटपणा अशा वेटोळ्यांतून टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून हे केस कोरडे असतात आणि कोरडे असताना विंचरले तर तुटतात. दर दुसऱ्या रविवारी ग्रेस इराला स्वयंपाकघरात बसवी, केसांचे भाग पाडी, पाणी आणि कंडिशनर लावी, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवी आणि मग डोक्याला लगटून बारीक वेण्यांच्या ओळी घाली. पेरणी केलेल्या वाफ्यांसारख्या त्या ओळी. चार तास लागत. झोपताना इरा सॅटिनची टोपी घाले.

हे सर्व मी आज नीट सांगू शकते. तेव्हाही ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. मी त्याच स्वयंपाकघरात भाजी निवडत बसे आणि मनात म्हणे, एवढा खटाटोप कशाला, तेल लावून चापून बसवले की झाले. जन्मभर शिकवणारी मी दोन वर्षे पाहत होते आणि काही शिकले नव्हते.

गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या मुलाच्या मुंजीसाठी आम्ही चौघे गिरगावात आलो. आदल्या संध्याकाळी माझ्या बंद ठेवलेल्या खोलीत नातेवाईक जमले. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी इराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगंबाई, काथ्याच आहे हा तर. वहिनी, तुमच्या हाताखाली असून पोरीचे केस असे?" सगळे हसले. मीही हसले. एवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, "उद्या बघा. मी नीट करते."

इरा माझ्या मांडीला टेकून बसली होती. तिला मराठी कळते. मीच शिकवले आहे.

सकाळी माझा मुलगा मंदार आणि ग्रेस ब्लाउज आणायला दादरला गेले. मी इराला पाटावर बसवले, ग्रेसने प्रवासाआधी घातलेल्या वेण्या सोडल्या, तेल थापले आणि बरोबर आणलेली आईची फणी हातात घेतली.

"आजी, मम्मा आधी पाणी लावते."

"इथे आपण तेल लावतो."

"आजी, दुखतंय."

"पाढा म्हण. बेचा."

तिने सुरुवात केली. बे एके बे, बे दुणे चार. फणी मुळाशी घालून मी खाली ओढत होते. प्रत्येक ओढीला बारीक कट असा आवाज येत होता आणि तो गुंता सुटण्याचा आवाज आहे असे मी स्वतःला सांगत होते. बे सख बारा म्हटल्यावर ती थांबली. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटले, शहाणी आहे, सवय झाली. दोन वेण्या झाल्या, लाल रिबिनी बांधून झाल्या. कपाळावरचे कोवळे केस फणीत आले होते.

ग्रेस परत आली ती अकरानंतर. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आले असते. तिने फणी उचलली, दातांत अडकलेले केस एकेक करून काढले, त्यांची लहान गोळी केली आणि रुमालात बांधली. मग इंग्रजीत मला एवढेच विचारले, "आई, ती थांब म्हणाली होती का?"

उत्तर इराने दिले. "मी बे सखपर्यंत म्हणाले, मम्मा."

ग्रेसने तिला बाहेर गॅलरीत नेले आणि वेण्या सोडायला घेतल्या. मुंजीचा मुहूर्त टळेल असे मंदारने एकदा हळूच सुचवले. तिने ऐकले नाही. सुनंदा कोमट पाण्याची बादली घेऊन आली. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून ती नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाली, "तिसरीत मला तुम्ही सातचा पाढा दिला होता, बाई. माझे कुरळे होते ना. अख्खा वर्ग बघत होता."

"तू कधी बोलली नाहीस."

"बाईंना काय बोलणार? आता दर सहा महिन्यांनी पार्लरमध्ये सरळ करून घेते, झालं."

ती हसली. तेच जिन्यावरचे हसणे. मला आठवत होते की त्या दिवशी तिचे केस सुरेख बसले होते. ती रडली होती का, हे मला आठवत नाही. किती जणींच्या बाबतीत आठवत नाही, याची यादी मला करता येत नाही. हे लिहिते आहे ते त्यासाठीच. तुमच्यापैकी ज्या त्या टेबलाशी उभ्या राहिल्या, त्यांची मी अपराधी आहे.

मुंजीला आम्ही जेवणाच्या वेळी पोचलो. जाऊबाईंनी विचारले, "हे काय, तसेच ठेवलेत?" या वेळी मी म्हणाले, "तसेच असतात. सुंदर आहेत. काल मी हसायला नको होतं." त्यांनी विषय बदलला. इरा तेव्हा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या शेजारी होती. तिने ते ऐकले नाही.

बर्मिंगहॅमला परतल्यावर तिने माझ्याकडे पाढे म्हटले नाहीत. मीही विचारले नाही. रविवारी भाजी बाजूला ठेवून मी ग्रेससमोर स्टूलवर बसू लागले. प्रथम चिमटे धरण्याचे काम मिळाले, मग पाण्याच्या बाटलीचे. फणी गिरगावच्याच कपाटात ठेवून आले आहे.

तिकडचे लोक फोनवर विचारतात, घर आठवते का? आठवते. पण तेथे सर्व काही मला येत होते, निदान तशी माझी समजूत होती, आणि घराचा तोच अर्थ मी धरून चालले होते. आता ज्या घरी राहते तेथे मला अजून पुरते काही येत नाही.

मागच्या रविवारी ग्रेसने इराच्या मानेवरच्या केसांचा एक लहानसा भाग वेगळा काढला आणि रुंद कंगवा माझ्यापुढे धरला. पण आधी तिने इराला विचारले. इराने बराच वेळ विचार केला आणि पुढे पाहतच होकाराची मान हलवली.

मी हात लावला तशी तिचे खांदे वर आले.

"आजी, पाणी लावलंस?"

"लावलं."

"टोकापासून."

"टोकापासून," मी म्हणाले, आणि खांदे खाली येईपर्यंत कंगवा तसाच धरून थांबले.