टायगर येणार असेल तरच

निघायच्या दिवशी सगळ्यांत आधी तयार झाला तो टायगर. माझ्या मुलानं, मिलिंदनं, अंगणात त्याचा पिंजरा ठेवून दार उघडलं. आमचा म्हातारा लॅब्राडोर मागचा एक पाय ओढत गेला, आत शिरला, एक गिरकी घेतली आणि पंजांवर हनुवटी टेकून पडून राहिला. कुणी बोलावलं नाही, कुणी ढकललं नाही. मिलिंद आणि ड्रायव्हरनं पिंजरा उचलून गाडीत मागं ठेवला, तरी त्यानं हूं केलं नाही.

मी पायरीवर बसले होते. चपला घालून झाल्या होत्या, पण त्या मी पुन्हा काढल्या होत्या.

शेजारची शकीला कुंपणाशी उभी होती. आयुष्य गेलं आमचं एका भिंतीला दोन्हीकडून पाठ लावून. ती म्हणाली, "तू त्याला नेतेस का तो तुला नेतोय गं?" आणि मी काही बोलायच्या आत, दूध ओतू जातंय म्हणत घरात पळाली. तिच्या शेगडीवर काही नव्हतं. सकाळी तिचा सिलिंडर संपला म्हणून तिचा चहा माझ्याकडंच झाला होता.

देवळाली कॅम्पात मागं राहिलेल्या तुम्ही सगळ्या, आणि मुलामागं, लेकीमागं माझ्यासारख्या कुठं कुठं जाऊन पडलेल्या तुम्ही दुसऱ्या, सगळ्यांसाठीच हे लिहिते आहे. तुम्हाला वाटतं, म्हातारी कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली, शेवटी विमानातून घेऊन गेली, कौतुक आहे. कौतुक काही नाही. ती माझी चाल होती आणि ती माझ्यावरच उलटली.

तशी घर सोडण्यात मी जुनी पटाईत. येवल्याजवळच्या आमच्या गावातून लग्न होऊन निघाले, तेव्हा एसटीच्या खिडकीशी बसून असं काही रडले की कंडक्टर तिकीट फाडायचं विसरला. डोळ्यांतलं पाणी खरं होतं, पण आतून उकळ्या फुटत होत्या. कॅम्पात नळ होता, थेटर होतं, बेकरी होती. अधिकाऱ्यांच्या बायका तिथं सायकलवरून बाजारात जातात असं ऐकलं होतं, आणि महिन्याभरात मीही जाईन अशी माझी समजूत होती. (सायकल मला आजतागायत येत नाही.) आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "तिथं नळाला पाणी हाय म्हणं. उगा सोडून ठिऊ नको." वडील म्हणाले, "गाडी हालली की मागं बघू नको, मान आखडती." मी बघितलंच नाही. आईबाप फाट्यावर उभे, आणि ही बया पुढच्या काचेतून नाशिक कधी येतं ते बघतीये. ती मुलगी आज भेटली तर दोन्ही वेण्या धरून तिची मान मागं वळवीन. तीही काही कमी नाही. म्हणेल, आजीबाई, आधी त्या पायरीवरून उठून दाखवा.

पायरीवर बसायची वेळ आली ती न्हाणीघरातल्या पडण्यामुळं. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी आणि टायगर दोघंच. एका सकाळी साबणावरून पाय घसरला आणि कमरेत अशी कळ गेली की उठता येईना. टायगर दाराशी भुंकत राहिला, शेवटी शकीला भिंतीवरून डोकावली. हाड मोडलं नव्हतं. पण मिलिंद गुवाहाटीहून आला, माझ्या खाटेशी बसला, आणि म्हणाला, "आई, आता एकटी राहायचं नाही. आमच्याकडं चल."

मी नाही म्हटलं नाही. सरळ नाही म्हणणारी बाई मी कधीच नव्हते. शाळेत मुलांना शिकवताना तेवढी सरळ वागत असे. मी म्हटलं, "येते की. टायगर येणार असेल तरच."

ही चाल मला फार आवडली होती. विमानात हातातल्या पिशवीतून नारळसुद्धा नेऊ देत नाहीत असं विहारातल्या बायकांकडून ऐकलं होतं. तिथं पोतंभर वजनाचं कुत्रं कोण नेऊ देणार? आणि रेल्वेनं एवढ्या लांब, उन्हाळ्यात, पाय ओढणाऱ्या म्हाताऱ्या जिवाला मिलिंद नेणार नाही, हे मला ठाऊक होतं. टायगरला टाकून ये असंही तो म्हणू शकत नव्हता. हे कुत्रं बदली झालेल्या एका कॅप्टनच्या घरून पिल्लू असताना आलेलं. कॅप्टनच्या बायकोनं जाताना त्याला माझ्या ओटीत ठेवलं होतं. कुत्र्याला हुकूम कळायचे ते इंग्रजीत. 'सिट' म्हटलं की बसायचा, 'बस' म्हटलं की वाक्य पुरं व्हायची वाट बघायचा. माझं इंग्रजी सुधारलं ते याच्यामुळं.

मिलिंदनं मोबाइल काढला. स्वतःच्या गाडीचा विमा भरायला ज्याला बायकोनं आठवण करून द्यावी लागते, तो माणूस चहा गार होईपर्यंत त्यात डोकं घालून बसला. मग म्हणाला, "नेता येतं, आई. सामानाच्या कप्प्यात. तिथं हवा असते, गरम-गार ठेवतात. पिंजरा लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो."

म्हटलं, बघू. अजून पुष्कळ दारं होती अडकायला.

ओझरचा विमानतळ आपल्याला जवळ, पण तिथून आम्हाला हव्या त्या विमानात कुत्र्याची सोय नव्हती. मी मनात पेढे वाटले. मिलिंद म्हणाला, "मग मुंबईहून जाऊ. घाट उतरायचा, बस्स." चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास होतो म्हणून ती घेत नाहीत, असं कळलं. मी टायगरचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट बघितलं. नाक लांबलचक. आमच्या घरात चपटं नाक एकटीचंच, माझं. मग जनावरांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी टायगरच्या छातीला नळी लावली आणि मी डोळे मिटून म्हणत होते, काहीतरी निघू दे, फार मोठं नको, विमानापुरतं. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानानं छान आहे. बीपीची गोळी मात्र तुम्ही वेळेवर घेत चला."

राहता राहिला पिंजरा. मिलिंद तो घरी ठेवून गुवाहाटीला परत गेला. जाताना बजावून गेला की दार सताड उघडं ठेव, टायगरचं खाणं आत ठेव, त्याला सवय होऊ दे. सवय नसलेलं कुत्रं विमानात घाबरतं. मी हो हो म्हटलं. आणि तो गेल्यावर त्यात कांदे भरले.

त्या दिवसांत उन्हाळ कांदा घरोघर साठवतात, तेव्हा बघणाऱ्याला नवल वाटायचं कारण नव्हतं. जाळीचा पिंजरा, हवा खेळती, कांद्याला याहून चांगली जागा नाही. शिवाय टायगरला कांद्याच्या वासाचा तिटकारा. वर मी आठवड्यातून एकदा कांदे खालीवर करायची, म्हणजे वास ताजा राहावा. शकीलानं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मुलाला फसवतेस. या वयात." मी म्हटलं, "मग कुठल्या वयात फसवू?"

पण खरं सांगते, थकले होते मी. चालूपणा करायलाही अंगात जोर लागतो. कांदे खालीवर करून झाले की अर्धा तास खाटेवर पडावं लागायचं. छताकडं बघत विचार करायचे, हे जे मी एवढं धरून ठेवतेय, त्यात उरलंय काय? दोन खोल्या. बंद घड्याळ. समोरच्या घरातली माणसं बदलीवर येत-जात राहिली, आता तिथं राहणाऱ्यांची नावंही मला येत नाहीत. शकीला सोडली तर दिवसभरात मी ज्याच्याशी बोलते तो एकच, आणि त्याला इंग्रजी लागतं. तरी सोडवत नव्हतं. मागं बघायचं नाही हे तेव्हा सोपं गेलं, कारण मागं आईवडील उभे होते. आता मागं मीच उभी होते.

मिलिंद ठरल्यापेक्षा आधीच आला. पिंजऱ्यातले कांदे बघितले. भर दुपारी बसून त्यानं ते सगळे पोत्यात काढले, पिंजरा धुतला, माझं एक जुनं सुती लुगडं आत अंथरलं. मग स्वतः फरशीवर आडवा झाला, डोकं पिंजऱ्यात घातलं आणि टायगरला हाका मारू लागला. मी भाजी निवडता निवडता बघत होते. कपाळावरचे केस गेलेला माझा मुलगा कुत्र्याच्या पिंजऱ्यात डोकं घालून पडलाय. थोड्या वेळानं टायगर गेला, त्याला हुंगलं, त्याच्या डोक्याशेजारी आपलं डोकं ठेवलं. दोघं घोरायला लागले. मी भाजी तशीच ठेवून आत गेले.

असं रोज चाललं. टायगर फितूर झाला.

घाटात तो झोपला होता. मी जागी होते. विमानतळावर त्याचा पिंजरा बाजूच्या काउंटरवर नेला, वजन केलं, कुलूप-कड्या तपासल्या. काउंटरवरची मुलगी मराठी होती. तिनं दाखल्यावरचं वय वाचलं, पिंजऱ्यात डोकावली, आणि हळूच मला म्हणाली, "आजी, म्हातारा आहे हो. नियमात बसतोय, पण यावर तुमची सही लागेल. वाटेत त्याचं काही झालं तर जबाबदारी तुमची. नको वाटत असेल तर अजून सांगू शकता."

बघा. इतके दिवस मी जे दार शोधत होते, ते या पोरीनं मला स्वतः उघडून दिलं. नुसतं 'भीती वाटते' म्हणायचं होतं, आणि भीती तर खरंच वाटत होती.

मिलिंद टायगरची पाण्याची वाटी हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "तुझं मन होत नसेल तर राहू दे, आई. ड्रायव्हर अजून लांब गेला नसेल. बोलावतो त्याला."

"आणि तू?"

"मीही येतो परत. तुम्हाला घरी सोडतो."

"एवढे हेलपाटे घातलेस, ते?"

तो वाटीतल्या पाण्याकडं बघत म्हणाला, "मला कांद्यांचं कळलं होतं. पिंजरा दाखव म्हटलं की तू फोनचा कॅमेरा छताकडं धरायचीस, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू सरळ नाही म्हणाली असतीस." मग वाटी खाली ठेवत म्हणाला, "तू पडलीस त्या दिवसापासून फोन वाजला की आधी तुझं नाव आहे का ते बघतो. मीटिंगमध्ये, गाडीत, कुठंही. मला वाटलं, निदान कुत्र्याच्या निमित्तानं तरी येशील."

म्हणजे चाल दोघांची एकच होती. फक्त त्याची जास्त चांगली होती. मी सही केली. ती माझी सही वाटत नव्हती, पण त्या मुलीनं चालवून घेतली.

विमानात मी पाय खाली टेकवले नाहीत. खाली तो आहे, त्याच्या अंगावर पाय ठेवल्यासारखं वाटत होतं. मिलिंद म्हणाला, आई, तो मागं कुठंतरी असेल. तरी नाही टेकवले. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी बॅगा येऊन गेल्या, माणसं गेली, आणि शेवटी दोन माणसांनी बाजूच्या दारातून पिंजरा आणला. टायगर पडलेला होता. मी जाळीशी वाकले. त्यानं एक डोळा उघडला, मला बघितलं, आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. राग मला कुणाचाही इतका गोड वाटलेला नाही.

आता गुवाहाटीत आम्हाला दुसरं वर्ष. सून कामाला, नात शाळेत, मिलिंद ऑफिसात, आणि आम्ही दोघं सहाव्या मजल्यावर. लिफ्टला टायगर सरावला, मी नाही. खालचा वॉचमन मला 'आइता' म्हणतो, म्हणजे आजी. त्याला मी 'बोला दादा' म्हणते, आणि आमचं जमतं. थंडीत इथं साडेचारलाच अंधार पडतो. चहा पोटात उतरतो न उतरतो तोच दिवस संपतो, तेव्हा अगदी एकटं वाटतं. पण आभाळ गडगडलं की टायगर निवांत झोपतो. नात विचारते, हा घाबरत कसा नाही? तिला काय सांगू, तोफांच्या सरावानं खिडक्या हादरणाऱ्या गावात वाढलाय तो. आवाज थांबला की त्याला चुकल्यासारखं होतं.

शकीलाचा फोन येतो. "ईदला ये. शीरखुर्मा करते, तुझ्या आवडीचा, कमी गोड." मी म्हणते, बघते. पण बघण्यासारखं काही नाही. इथल्या डॉक्टरनं सांगितलंय, याचं हृदय थकलंय, आता पुन्हा विमान नको. चार दिवस त्याला सोडून जायचं म्हटलं, तर तसंही थोडं करून पाहिलं; शेजारच्या लग्नाला नुसती दिवसभर गेले, तर हा दाराशी बसून राहिला, सुनेच्या हातची पोळी हुंगलीसुद्धा नाही.

म्हणजे टायगर आहे तोवर माझं देवळालीला जाणं नाही. आणि ज्या दिवशी मी मोकळी होईन, त्या दिवसाचं नाव मला काढायचं नाही. परवा मिलिंद म्हणाला, "कंटाळलीस का गं इथं?" मी म्हटलं, "हो." आणि वर म्हटलं, "तिथंही कंटाळलेच होते."

सकाळी जाग आली की पहिल्यांदा टायगरच्या पोटाकडं बघते, वरखाली होतंय ना म्हणून. होत असतं. म्हणजे आजही जाणं नाही. आणि ते कळलं की मला बरं वाटतं. याला घर म्हणायचं का, ते तुम्ही तिकडं बसून ठरवा. मला चहा टाकायचाय.